जीपमधले तीन दगड

माझ्या जीपमधी सीटखाली तीन दगड कशाला, असं सगळेच इचारतेत. ऐका मग.

गंगाखेडजवळ उसाच्या फडाशेजारी मी तंबू ठोकला होता. सकाळी चहा करायला बसलो, तर वाऱ्यानं गॅसच्या शेगडीचा जाळ टिकंना. चूल मांडावी म्हनलं, तर त्या काळ्या रानात दगडच सापडंना. शेजारच्या पाचटाच्या कोपीतली ऊसतोडीवाली मावशी बघायलती.

"भाऊ, एवढं सामान आणलं अन् दगड न्हाई आणले?"

"दगड कुणी घरून आणतं का, मावशी?"

"आमी आणतो. ट्रकमधी आधी दगड, मंग भांडी."

तिच्या भाकरी झाल्या होत्या. तिनं चुलीचे दगड काढून दिले. चहा झाल्यावर परत केले, तर तिनं एकेक उलटून पाहिला.

"बदलले न्हाईत, मावशी."

"तसं न्हाई, तडकले का बघते. सासूचे हायत."