बिनपोच कोण?

बिनपोच माणसं तुम्ही लई बघितली असतील, पण मला कुणी बिनपोच म्हणलं ते ऐका.

आमच्या शेजारी रशीदचाचांचं शिलाईचं दुकान हाय. "दारातली मोटारसायकल जरा बाजूला घ्या," एवढंच ते एका हवालदाराला म्हणाले. त्यानं उजव्या कानाखाली अशी ठेवून दिली की कानातून रक्त आलं.

तक्रार लिहून मी चाचांना ठाण्यात नेलं. ठाणे अंमलदारानं कागद चहाच्या कपाखाली सारला. मी म्हणलं, "साहेब, शिक्का मारून पोच द्या."

"आमच्याच माणसाची तक्रार, अन् वर पोच? तुला काही पोच हाय का न्हाय?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मारलं यांनी, अन् पोच मला शिकवतेत!

चाचा मात्र शांतपणे बोलले, "साहेब, मी साधा ब्लाउजपीस घेतला तरी चिठ्ठी देतो. तुम्ही माझा कान घेतला. चिठ्ठी तेवढी द्या."

न्हाय दिली. ठाण्यानं तक्रार घेतली न्हाय तर ती पोलीस अधीक्षकांना पोस्टानं धाडायचा हक्क हाय आपल्याला. मी धाराशिवला रजिस्टर केलं. आठ दिवसांनी पोचपावती हातात पडली, तसा पळत दुकानात गेलो.

"चाचा, पोच आली!"

चाचांनी मशीन थांबवली, डावा कान पुढं केला.

"काय आलं?"