कढी, द्रोण अन् इवायाचे श्लोक

माह्यं माहेर अल्लीपूर अन् सासर देवळी, दोनीकडं वावराचंच काम, पण लोकं मले वळखतात ते द्रोणवाली म्हणून. आमचे मालक म्हणत, दिवसभर तोंड चालवण्यापरीस मशीन चालव, अन् त्याईनंच द्रोणाची मशीन आणली. पह्यले आमीबी पिलास्टिकची पन्नी चिपकवलेल्या कागदाचेच द्रोण काढो. मंग आमची गाय मेली, ढोराच्या डॉक्टरनं पोट फाडलं त निस्ती पन्नीच पन्नी, अन् तिच्यात आमचेच द्रोण. काय सांगू तुमाले, घास उतरला नाई त्या दिवशी.

मंग बचत गटाच्या बायांसंगं वर्ध्याले जाऊन शिकून आली. चिंचोके भाजाचे, त्याच्या पिठाची खळ शिजवाची, कागदाले तिचा हात द्याचा, वरून मधाच्या पोळ्याचं मेण, अन् वाळलं का साच्यात दाबाचं. ढोरानं खाल्लं तरी पचते.

वैशालीचं, माह्या पोरीचं, लगन जुळलं तवा मी म्हणलं, पंगतीत माहेच द्रोण. पोरगी हात जोडे, माय वो, पन्नीचेच आण, सासरच्या कोणाच्या अंगावर कढी सांडली त जलमभर मले आयकाव लागन. मी म्हणलं, चूप, कढी वतून पाह्यली म्या, थेंब गळत नाई. पाह्यलीच होती, वतली अन् लगेच पेऊन घेतली.

इथंच फसली मी. पंगतीत सगळ्याईले वाढून श्लोक झाल्याबिगर कोणी घास उचलते का? उकळती कढी द्रोणात पडली, अन् माहे इवाई, जावयाचे वडील, डोळे मिटून श्लोक म्हणाले लागले. एक झाला, दुसरा झाला, गळा मोठा गोड माणसाचा, पण मी द्रोणाकडं पाहून राह्यली होती. मेण पिघलून कढीवर चमकाले लागलं. त्याईच्या समोरचा द्रोण बुडाशी वला झाला, अन् अंगात पांढराझक सदरा. वैशालीच्या तोंडचं पाणी पळालं. इवायानं तिसरा श्लोक धरला. मले राह्यवलंच नाई, पदर खोचला अन् बोंबलली, पार्वतीपते! सवयीनं सारी पंगत गरजली, हर हर महादेव, अन् भुरके सुरू!

इवायाचा श्लोक तोंडातच राह्यला. बाईमाणसानं पंगतीत असं बोलाव, तेबी पोरीच्या मायनं? मले असं पाह्यलं त्याईनं का भुई फाटाव. मंग द्रोण उचलून कढी पेले, सदऱ्यावर थेंब नाई. मी तिथंच खाली बसली अन् रडली.

पण राग गेला नाई बाप्पा. येता जाता वैशालीले टोमणे, तुह्या मायले लय घाई. पोट्टी फोनवर रडे, अन् मले माह्याच तोंडाची चीड ये.

आता खळीचे दोन हात देतो, मेण वरून नाई, खळीतच घोटतो. नवा द्रोण निघाला का उकळती कढी भरून समोर बसतो अन् इवायाचे सारे श्लोक म्हणतो, पाठच झाले मले. गळत नाई.

उद्या नातीचं बारसं आहे, इथंच, इवाई येऊन राह्यले. वैशालीले सांगून ठेवलं, कढी पह्यले त्याईलेच वाढजो, अन् त्याईले सांगजो, म्हणा किती श्लोक म्हणाचे ते. त्याईच्या तोंडून माह्या नातीले सारेच आशीर्वाद भेटू दे. मी चूप बसतो.