माझा चौविहार आणि अंजनाताई

अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर डॉक्टर मंडळी, आजच्या सत्कारमूर्ती अंजनाताई आणि मढपासून लोणीपर्यंतच्या गावांतून आलेल्या माझ्या माणसांनो,

मी सिद्धी. बाजारपेठेतल्या कापडवाल्या हितेशशेठची मुलगी. सात वर्षांची असल्यापासून मी चौविहार पाळायची. सूर्यास्तानंतर अन्न नाही, पाणी नाही. दिवेलागणीनंतर मी जागची हलत नसे. माझी आजी, धापूबाई, साऱ्या गल्लीत मिरवायची, "आमची सिद्धी म्हणजे साध्वीच!" आमच्या जैन संघानं माझा सत्कारसुद्धा केला. खरं सांगू? अंधारलं की मला ताटच दिसायचं नाही. साध्वी कसली, घाबरलेली पोर होते मी!

हे ओळखलं कोणी? आपल्या रुग्णालयात डोळे तपासणाऱ्या, एका संध्याकाळी दुकानात साडी घ्यायला आलेल्या अंजनाताईंनी. मी समोरच पडलेली कात्री चाचपडत होते. त्या म्हणाल्या, "हितेशभाऊ, दिवस मावळला की पोरीला दिसत न्हाई. उद्या दवाखान्यात आणा." थेंब घालून त्यांनी तपासलं, डॉक्टरांना दाखवलं, पुढं पुण्याला पाठवलं. रेटिनायटिस पिगमेंटोसा. डोळ्याच्या पडद्याचा, जन्मानं आलेला आजार. माझ्या प्रकारावर औषध नाही.

आजी आईवर घसरली. "आमच्या घराण्यात असं कुणाला न्हाई!" माझी आई जागृती महिनोन् महिने मान खाली घालून वावरली. आजारापेक्षा मला ते जास्त लागलं. आजार कुठून आला हे बघायला पुण्यात घेतलेल्या रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा ताई स्वतः घरी आल्या. केसपेपरच्या मागे त्यांनी दोन्ही घराण्यांची वंशावळ काढून दाखवली. "धापूबाई, निम्मा दोष सुनेकडून, निम्मा तुमच्या लेकाकडून. दोन्ही जुळले तवाच आजार व्हतो. एकट्या आईला का धरता?"

पुढची बारा वर्षं ताईंनी मला सोडलं नाही. दरवर्षी तपासणी, भोंदू औषधांवर बंदी, पांढरी काठी, वाचून दाखवणारा मोबाईल. काठी धरायला मी लाजले, तर राव, काय ओरडल्या! आज मी मंचरला गणित शिकवते. हे अभिमानानं सांगते.

आणि आजी? रिपोर्टनंतरच्या रविवारी आमच्या जैन स्थानकात, जिथं ती माझा चौविहार सांगायची तिथंच, सगळ्या बायकांपुढे उभी राहिली. म्हणाली, "मी सुनेला उगाच बोलले. दोष माझ्या लेकातबी हाय." मग सगळ्यांसमोर तिनं आईपुढे हात जोडले.

ताई, माझे डोळे तुम्ही बरे करू शकला नाहीत. पण माझी आई त्या दिवसापासून घरात ताठ मानेनं वावरते, आणि ते तुमच्यामुळे. मला आता मधलंच दिसतं. कडेला बसलेल्या कोणा मान्यवरांचं नाव घ्यायचं राहिलं असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला. आभारी आहे.