मार्कंड्यापर्यंत चेन उतरली नाई

माहा जन्म चामोर्शीजवळच्या खेड्यातला, घर सुताराचं. बाप बंडीची चाकं भरे, अन् असा हात होता त्याचा का दूरदूरची लोकं बैलबंडी घेऊन आमच्या दारात येत. मी एकलाच पोरगा, मले बी तेच शिकवलं, पण माहा जीव सायकलीत अडकला. तवा आपला मुलूख चांदा जिल्ह्यातच होता, गडचिरोली वेगळी नोती झाली. म्या चामोर्शीच्या बाजारात चिंचेखाली सायकलीचं दुकान टाकलं. बाप चार महिने बोलला नाई. मंग बोलला त काय बोलला, म्हणे मारोती, भिंगऱ्या फिरवून राह्यला का रे, लाकडाले हात लावाची लाज वाटते काय?

अशात देवी डॉक्टर आले. म्हणजे देवीची लस टोचणारा सरकारी माणूस, खरे डॉक्टर नोते, पण लोकं डॉक्टरच म्हणत. त्यायनं नागपूरहून इंजिनची सायकल आणली. काय सांगू बाई तुमाले, सायकल साधीच, पण दांडीखाली छोटं इंजिन, अन् मागच्या चाकाच्या तारायले एक दातेरी चक्री बोल्टानं आवळलेली, इंजिनपासून त्या चक्रीवर दुसरी चेन. सुरू झाली का बैलं दावं तोडून पळत. पण कोसभर गेली का चेन उतरे, अन् डॉक्टर घामाघूम होऊन ढकलत आणत. बाजारातले लोक म्हणत डॉक्टर, त्या सायकलीलेच टोचा एक सुई.

डॉक्टर माह्याकडं आले, म्हणे मारोतीभाऊ, शिवरात्रीले मले मार्कंड्याच्या जत्रेत लस टोचाची आहे, सायकल नाई चालली त हे इंजिन काढून परतच पाठवतो. बाप बाजूलेच उभा. चारचौघात म्हणे, हे नाई जमलं त दुकान बंद कर अन् घरी चल, लाकूड वाट पाहून राह्यलं. मी बी गरम डोक्याचा, म्हटलं कबूल.

खोलून पाह्यलं त चक्री अन् तारायच्या मधातलं रबर फाटलेलं. आता रबर कुठी भेटते? आमच्या घरी बंडीच्या आखाले एरंडीच्या तेलात भिजवलेल्या चिंध्या गुंडाळत, चाक मऊ फिरे. म्या तेच केलं. गोणपाटाच्या चिंध्या, वरून तेल, चक्रीखाली दाबल्या अन् बोल्ट आवळले. सूत धरलं, इंजिनची चक्री अन् मागची चक्री एका रेघेत. डॉक्टर खुश होऊन निघाले, अन् अर्ध्या कोसावर चेन उतरली. आधी कोसभर त जात होती, म्या अर्ध्यावर आणली!

मंग इंजिनच सरकवलं, इकडं, तिकडं, चेनची एक कडी काढली, ताणून पाह्यली, तीन दिवस हेच. उभ्या सायकलीवर सूत सरळ, चालली का वाकडं. बाप येऊन पाहे, मान हालवे अन् परत जाये.

चौथ्या दिवशी सायकल उलटी ठेवली, अन् नवं चाक सारखं फिरते का ते पाहाले बाप कोळसा धरते तसा म्या चक्रीजवळ खडू धरला अन् चाक फिरवलं. खडू एकाच अंगाले लागला, दुसऱ्या अंगाले निशाणीच नाई. मले हसू आलं बाई, अन् रडू बी. चक्री डुलून राह्यली होती! चिंध्या एका अंगानं जास्त दबल्या होत्या. आखाले चिंधी चालते काऊन का तिथी चाक चिंधीवर फिरते, इथी त चक्रीनं चाकाले गच्च धराचं. म्या बंडीचं औषध सायकलीले देल्लं होतं.

चिंध्या फेकल्या. ट्रकाचं फाटकं टायर मागून आणलं, सारख्या जाडीच्या दोन चकत्या कापल्या. बोल्ट आवळताना बापाचा हात आठवला, चाकाचे आरे ठोकताना तो ओळीनं ठोकत नाई, एक इकडचा त एक त्याच्या समोरचा. तसंच केलं, थोडं थोडं, समोरासमोर. खडू धरला त पुरी गोल निशाणी! मंग इंजिन धानाच्या दाण्याएवढं सरकवलं, चेनले बोटभर झोल ठेवला.

शिवरात्रीच्या सकाळी डॉक्टर पुढं, मी मागं कॅरियरवर लसीची पेटी मांडीवर घेऊन. रस्ताभर बंड्याच बंड्या, अन् त्यात बापाची बी. बाजूनं निघालो त बंडीतले लोक वरडले, उतरली, उतरली! म्या वळून पाह्यलं, म्हटलं तुमीच उतरा खाली, आमी चाललो. फुफाटा उडे, खड्ड्यात पेटी छातीले लागे, पण चेन जागची हालली नाई. देवळाचं शिखर दिसलं त मी कॅरियरवरच उभा होऊन राह्यलो होतो, डॉक्टर वरडून राह्यले, बसा भाऊ, दोघंबी मरू!

बाप मागून पोचला. खाली बसला, एक डोळा मिटून मागून चक्री पाह्यली, हातानं फिरवली, म्हणे बोल्ट कसे आवळले? म्हटलं बा, तुह्यावानी, समोरासमोर. तो उठला, जत्रेतल्या लोकायले ऐकू जाईन असं म्हणे, हे माह्या पोरानं केलं. अन् लसीले घाबरून दरसाल शेतात पळणारा माणूस, बाही वर करून डॉक्टरपुढं बसला, म्हणे टोचा. त्याच्यामागं लाईन लागली.

आता डोळ्याले कमी दिसते, पण आवाजावरून कळते मले. तुमची सायकल मघा आली तवा चेन घासून राह्यली होती बाई. तशाच जाऊ नका, आणा इकडं, दोन मिनटाचं काम आहे. सुखी राहा.