गाठीला हवापालट

…आणि वर मलाच विचारतात, "तूच सांगितलंस ना, डॉक्टरीणबाई?" हो, सांगितलं. चूक कुणाची? माझीच. तुम्हाला सांगते, सहा वर्षं ग्लासगोच्या थंडीत कुडकुडत शिकले ती कशासाठी, तर आमच्या बेटावर, लाए शहरात परत येऊन आपल्या माणसांना सगळं नीट समजावून सांगायचं, 'मशीनखाली झोपा आणि गप्प राहा' असं म्हणायचं नाही, यासाठी. आणि पहिलाच रुग्ण कोण? सख्खा मामा, गापेनुओ. चाळीस वर्षं चुना लावून सुपारी चघळली, आता जिभेवर गाठ. पस्तीस दिवस किरण द्यायचे, खाडा फक्त शनिवार-रविवारचा. बरा होण्यासारखा होता हो. खरंच होता.

मग गप्प बसावं की नाही? सगळं गणगोत व्हरांड्यात बसवलं आणि भाषण ठोकलं. म्हटलं, किरणांना प्राणवायूची साथ लागते. गाठीच्या पोटात तो पोचत नाही, तिथल्या पेशी गुदमरून निपचित पडतात, आणि असल्या पेशी मारायला दुप्पट-तिप्पट किरण लागतात, तेवढे दिले तर मामाच जायचा… म्हणून आधी गाठीला श्वास द्यायचा आणि मग तिला मारायचं. आमचे पास्टर टिमेयस म्हणाले, "म्हणजे डुकराला पोसून कापतात, तसं." मी म्हटलं, अगदी तसंच. मला वाटलं, जिंकले! पुढे सांगितलं, विडी बंद, चुलीचा धूर बंद, रक्त वाढायला पालेभाजी खायची. पण डुकरानंतरचं कुणी ऐकलं असेल तर शपथ. चूक कुणाची? माझीच.

पंधराव्या दिवशी मामा आलाच नाही. सोळाव्या दिवशी नाही. सतराव्या दिवशी फोन लागला, तर पलीकडे हुल्डामामी, आवाजात नुसता मध.

"अगं, लाएची हवा म्हणजे ट्रकचा धूर. गाठीला श्वास पाहिजे म्हणालीस ना? मग आणलं यांना वर गावी. इथली हवा कशी, दवात धुतलेली."

"मामी, मध्ये खंड पडला तर गाठ वाढते."

"वाढू दे की. आधी पोसायचीच आहे ना?"

वर गाव म्हणजे बोटीचा प्रवास, मग दोन दिवसांची चढण, मामाला पोरांनी पाठीवर नेलेला. वर थंडी. घराला खिडकी नाही, मधोमध चूल, ती विझू द्यायची नाही, आणि दुखणाईत माणूस म्हणून मामाला मानाने चुलीला चिकटून बसवलेला. भेटायला अख्खा डोंगर लोटला, जो येतो तो स्वतः वळलेली विडी पुढे करतो, आणि नको म्हणालात तर तो भांडण झालं असं समजून घरी जातो. मामाने एकाशीही भांडण केलं नाही. आता त्या धुरातला विषारी वायू काय करतो? रक्तात प्राणवायूच्या जागेवर जाऊन बसतो, उठता उठत नाही. म्हणजे गाठीला श्वास द्यायला नेलेला माणूस एकोणीस दिवस धुरी घेत बसला… चूक कुणाची?

आला तेव्हा खोकत होता. बोराएवढी गाठ अंड्याएवढी झालेली. आमच्या मोठ्या डॉक्टरांनी तपासलं, हात धुतले आणि हळूच म्हणाले, "आता दुखणं कमी करण्यापुरते किरण देऊ." मामाला ते सांगायला मी बसले, तर मलाच रडू फुटलं. शेवटी तोच बोलला, एकेक अक्षर जिभेवरून ओढत.

"रडू नको, पोरी. सुपारी सोड म्हणून किती डॉक्टरांनी सांगितलं, मी एकाचंही ऐकलं नाही. तुझं मात्र पटलं. म्हणून तर गेलो."

तेव्हापासून मी कुणाला काही समजावत नाही. उद्या सकाळी आठला या, एवढंच म्हणते. आणि काय सांगू तुम्हाला… येतात.