भेगा मिटल्यावर

(साक्रीबाहेर, पिंपळनेर रस्त्याला, कापसाच्या जिनिंग मिलसाठी घेतलेलं काळं रान. वैशाखातली सकाळ. जमिनीत दोन लोखंडी कडी ठोकलेली, एकात एक. दोन्हींत पाणी.)

वाणी : मग जीपमध्ये बसा. ऑफिसात जाऊन बोलू. इथं लोक बघतात.

यशोधरा : बघू द्या साहेब. तुम्हीही बघा, आलाच आहात तर.

वाणी : आलो नाही, यावं लागलं. रतिलालशेठ सकाळीच घरी येऊन बसले. म्हणाले, तुमची ती ज्युनियर इंजिनिअर, बिऱ्हाडेबाई, वस्तीतल्या बायका गोळा करून माझ्या जागेत ठाण मांडून बसलीय.

यशोधरा : बायका मी गोळा केल्या नाहीत. बसले आहे, हे खरं.

वाणी : पण कशासाठी? धुळ्याहून त्यांचा सल्लागार येऊन गेला. याच रानात पाणी ओतलं, बघता बघता गडप झालं. म्हणजे छपरांचं आणि अंगणाचं पावसाचं पाणी इथंच शोषखड्ड्यांत जिरेल. आपण होकार द्यायचा, त्यांनी बांधायचं. सरळ काम होतं.

यशोधरा : तिकडे बाभळीजवळ जाऊन बघा. भेगेत हात घातला तर कोपरापर्यंत जातो. सल्लागारांचं पाणी मातीत जिरलं नाही साहेब, भेगांत पडलं. पावसानं ही माती एकदा फुगली की भेगा मिटतात, आणि मग वरून थेंब आत जात नाही.

वाणी : मला काळी माती शिकवू नका. माझं शेत शिंदखेड्याला आहे. चिखलात गाडी अडकली की बैल सोडून घरी यायचो आम्ही.

यशोधरा : मग मी वेगळं काय सांगतेय?

वाणी : माहीत असणं वेगळं आणि शेठला तोंडावर सांगणं वेगळं. शोषखड्डे नाहीत म्हटलं की नाल्यापर्यंत पक्की गटार आली. ती जाणार पुढच्या पट्ट्यातून. तिथं त्यांना रस्त्यालगत दुकानं काढायची आहेत.

यशोधरा : तेच तर. म्हणून मी परवा त्यांना म्हटलं, आधी जमीन भिजवू, फुगू देऊ, मग मोजू. ते हसून म्हणाले, भिजवा की. टँकर मागवला. आधी भराभर आत गेलं, मग हळू, मग पाणी वर दिसायला लागलं. तसं त्यांनी ड्रायव्हरला खूण केली. टँकर निघून गेला. मला म्हणाले, करा आता पाण्याशिवाय चाचणी.

वाणी : मग हे पाणी कुठून आलं?

मंजुळाबाई : आम्हनं शे, साहेब.

यशोधरा : या मंजुळाबाई. खाली उतारावर भीमनगर आहे, त्यातलं पहिलं घर यांचं.

वाणी : तुम्हाला वैशाखात पाणी कुठलं? वस्तीला टँकर एक दिवसाआड येतो ना?

मंजुळाबाई : उना व्हता. पिवानं पानी व्हतं, तेच ओती दिधं.

वाणी : कोणी सांगितलं ओतायला?

मंजुळाबाई : कोनीच नही. हाई पोर उन्हमा बसेल व्हती, कड्यामा देखत. मी इचारं, काय देखी ऱ्हायनी, बाई? तिनी सांगं, पानी संपनं, आते शेठ म्हनी तेच खरं ठरी. मी इचारं, पानी मिळनं ते तुनं खरं ठरी का? ती बोलनी, ठरी. मंग मी माथावरला हंडा उतारा. माले देखीसन बेबाबाईनी उतारा. मंग बठ्ठ्यासनी.

यशोधरा : मी नको म्हणत होते साहेब. म्हटलं, पोरांना काय पाजाल आज? मला त्यांनी बोलूच दिलं नाही.

मंजुळाबाई : काय बोलनं त्यामा? मागला साल शेठनी आर्धा रानमा फरशी टाकी. ते बठ्ठं पानी आम्हना चुल्हामा उनं. धुरपदाबाईनी भिंत पडी, तिना पाय गया. तवय कोनीच मोजाले नही उनं. हाई उनी. मंग हंडा काय घर ठेवसूत?

वाणी : हं. आणि मोजून काय निघालं?

यशोधरा : आतलं कडं बघा. बाहेरचं पाणी कडेनं पसरतं, ते सोडून द्या. आतलं फक्त खाली जाऊ शकतं. काल दिवस मावळताना त्या खुणेशी होतं. वाऱ्यानं उडू नये म्हणून पोतं झाकलं, आणि कोणी उपसू नये म्हणून मंजुळाबाई इथंच निजल्या.

वाणी : खुणेशीच आहे.

यशोधरा : आहे. मागल्या वर्षी अर्ध्याच रानाला फरशी होती, आता सगळ्याला होईल, वर पत्र्याची छपरं. शोषखड्डे पहिल्या झडीतच भरतील आणि बाकी सगळं या लोकांच्या घरात.

वाणी : शेठ आणखी एक म्हणाले. मी बोलणार नव्हतो.

यशोधरा : बोला. माझ्या तोंडावरही म्हणाले ते. तुमच्याच लोकांची वस्ती ना, म्हणून हा पुळका. मी म्हटलं, हो, माझ्याच लोकांची आहे. माझ्यावर विश्वास नको. तुम्ही तुमच्या हातानं पाणी ओता आणि तुमच्या डोळ्यांनी बघा.

वाणी : मग ओतलं?

मंजुळाबाई : मी हंडा पुढे धरा व्हता. त्यासनी हात मांगे करी लिधा.

वाणी : असो. बिऱ्हाडेबाई, मी तुमचा शत्रू नाही. एक करा, आठवडाभर रजा घ्या. तुम्ही नाहीही म्हणू नका, होही म्हणू नका. पुढचं मी बघतो.

यशोधरा : काय बघाल?

वाणी : म्हणजे?

यशोधरा : मी रजेवर गेले की सल्लागार परत येईल. दुसऱ्या कोपऱ्यात, कोरड्या भेगेत पाणी ओतेल. ते कुठं चाललंय हे तुम्हाला दिसेल, शिंदखेड्याचे आहात तुम्ही. आणि तुम्ही गप्प बसाल.

वाणी : फार बोलता तुम्ही.

यशोधरा : हो.

वाणी : धडगावला टाकतील तुम्हाला. शेठचं वजन कुठपर्यंत आहे, ठाऊक आहे? तिकडे धड रस्ता नाही.

यशोधरा : मग इंजिनिअरला काम असेल तिकडे.

वाणी : घरी कोण आहे?

यशोधरा : वडील. यावलला केळीच्या बागेत मजुरी करतात. माझं कॉलेज झालं ते त्यांच्या जिवावर. त्यांना सांगू का की जमीन पाणी पीत नव्हती, पण ‘पिते’ असं मी लिहून दिलं? मला ते जमणार नाही साहेब. रजा घेणार नाही आणि होकारही देणार नाही. दुसरा माणूस पाठवलात तर त्यालाही मी इथंच बसून दाखवीन.

वाणी : मंजुळाबाई, त्या हंड्यात पाणी आहे का अजून?

मंजुळाबाई : शे आर्धा हंडा. कसाले?

वाणी : द्या इकडे.

मंजुळाबाई : मी ओतस ना, साहेब. तुम्हना कपडा भिजतीन.

वाणी : भिजू द्या. द्या म्हणतो ना... हं. धरलाय मी, सोडा.

यशोधरा : आतल्या कड्यात ओता. सावकाश.

वाणी : काठाला आलं. उतरत नाही.

यशोधरा : उतरणार नाही. आणखी ओता.

वाणी : दोन्ही कडी भरली. बाहेर सांडायला लागलं की.

यशोधरा : सांडू द्या. कुठं चाललंय बघा.

वाणी : खाली, त्या बांधाकडे.

मंजुळाबाई : तो बांध वलांडं का, तठेच मनं घर शे.

वाणी : दिसलं. घ्या तुमचा हंडा. ड्रायव्हर, गाडी काढ. शेठच्या पेढीवर जायचंय.

यशोधरा : त्यांना काय सांगणार?

वाणी : नाल्यापर्यंत पक्की गटार झाल्याशिवाय एक पत्रा चढणार नाही. दुकानं गेली तर गेली. पाणी मी स्वतः ओतून बघितलं, तेही सांगीन. बायकांच्या हंड्यातलं ओतलं, तेही.

यशोधरा : चिडतील.

वाणी : चिडू देत. माझी नोकरी थोडीच राहिलीय. तुमची मात्र बरीच आहे. एक आधीच सांगतो, गटार मी करून घेईन, तुमची बदली मला थांबवता येणार नाही. ती वरून येईल.

यशोधरा : थांबवू नका. गटार नाल्याला मिळाली की मी जाईन. खोदाईला माणसं मात्र आजच लावा.

मंजुळाबाई : मानसं कसाले? आम्ही खंदसूत.

वाणी : तुम्ही?

मंजुळाबाई : रोज तेच तं करतस. पाऊस जवळ शे म्हनीसन घाई करनी पडी. नहीते आम्ही सावकाश खंदतूत, बाई. तेवढाच दिन तू ऱ्हाती.