सत्कारात गेलेली परीक्षा

माझं शिक्षण बुडवलं ते आमच्या हेडमास्तरांनी, हे मी त्यांच्या तोंडावर सांगेन. अणुविज्ञानाचा प्रसार करणाऱ्या संघटनेचे एक शास्त्रज्ञ मुंबईहून येडशीला आले होते. ते माझी तोंडी परीक्षा घेणार होते. पास झालो तर संघटना कॉलेजचा खर्च उचलणार होती.

हेडमास्तरांनी आधी गावातल्या मोठ्यांचे सत्कार काढले. सरपंच तर अर्धा तास बोलले, तेही स्वतःच्या विहिरीवर.

मी म्हणालो, "सर, पाहुण्यांची गाडी पाचची हाय."

"गप बस. मोठ्यांचा मान आधी. अणू कुठं पळून चाललाय?"

पाहुणे गळ्यातल्या हारासकट गाडीत चढले. खिडकीतून म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू."

पुढच्या वर्षी कुणी आलं नाही. खर्च झेपेना, माझं कॉलेज सुटलं.